आदरार्थी बहुवचन

आमची मुलगी घराबाहेर पडताना ‘येते’ म्हणत नाही, ‘जाते’ म्हणत नाही, साधं ‘बाय’सुद्धा म्हणत नाही. फ्रिजवर चिठ्ठी लावते. लायब्ररीत आहे, साडेचारला परत, मी ठीक आहे. चिठ्ठी इंग्रजीत असते आणि शेवटचं वाक्य कायम तेच असतं. तेरा वर्षांची मुलगी कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला जातानाही असं लिहून ठेवते याचं पाहुण्यांना फार कौतुक वाटतं. किती जबाबदार आहे हो तुमची मुलगी, म्हणतात. मग बायको चहा टाकायला उठते आणि मी खिडकीबाहेर बघत बसतो. खिडकीबाहेर शेड आहे आणि शेडमध्ये या जूनपर्यंत माझी सायकल सहा वर्षं भिंतीला टेकून उभी होती. दोन्ही चाकांतली हवा केव्हाच उतरली होती.

त्या सायकलबद्दल लिहायचं म्हणजे स्वतःबद्दल वाईट लिहावं लागणार, म्हणून आजवर टाळलं.

नॉटिंगहॅमला मला कंपनीने दोन वर्षांसाठी पाठवलं होतं. दोनाची चार झाली, चाराची आठ झाली, मुलगी इथेच जन्मली आणि परत जाण्याचं बोलणं हळूहळू फक्त पुण्याच्या फोनवर उरलं. काम सॉफ्टवेअरच्या सपोर्टचं होतं. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं बिघडलं की मला बोलावणार, आणि ते बिघडायचं रोज. ऑफिसातला एक इंग्रज सहकारी निवृत्त होऊन किनाऱ्यावरच्या गावी राहायला निघाला होता. त्याने जाताना त्याची सायकल माझ्या गळ्यात घातली. माझे गुडघे संपले, तू चालव, म्हणाला. एकवीस गिअरची होती. शाळा-कॉलेजची सगळी वर्षं पुण्यात सायकलवर काढलेल्या मला एकवीस गिअर म्हणजे निव्वळ चोचले वाटले होते. पहिल्याच चढाला माझं मत बदललं.

घरापासून वीस मिनिटांत ट्रेंट नदी ओलांडली की शहर संपायचं. पुढे अरुंद गल्ल्यांसारखे रस्ते, दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्याहून उंच झुडपांची कुंपणं. सायकलवरून फक्त समोरचं आणि वरचं दिसायचं. मधेच एखादं लाकडी फाटक आलं की कुंपण तुटायचं आणि तेवढ्या चौकटीतून गव्हाचं अख्खं शेत डोळ्यांसमोर यायचं. जूनमध्ये ओंब्या हिरव्या असायच्या, जुलैच्या शेवटी पिवळ्या. चंडोल कुठे दिसायचे नाहीत, पण वर खूप उंचावरून त्यांचा आवाज येत राहायचा. दर तीन-चार मैलांवर एक गाव, प्रत्येक गावात चर्च, चर्चच्या मनोऱ्यावर घड्याळ, आणि रविवार असेल तर गावच्या हॉलमध्ये म्हाताऱ्या बायकांनी मांडलेला चहा आणि केक. घोड्यावरून जाणाऱ्या बायका हात वर करून आभार मानायच्या, कारण मी ब्रेक दाबून त्यांच्या मागे थांबलेला असायचो. ‘मॉर्निंग’ यापलीकडे माझ्याशी कोणी बोलायचं नाही. मी कुठला, इथे कधी आलो, परत कधी जाणार, यातलं काही कोणाला नको होतं.

मला नेमकं तेच हवं होतं, हे आता स्पष्टच सांगतो. रविवारी सकाळी सात ते बारा या पाच तासांत मला कोणाचा मुलगा, कोणाचा नवरा, कोणाचा बाप व्हायचं नसायचं. मोबाइल मी बंद करून सीटखालच्या पिशवीत टाकायचो. बायको म्हणायची, निदान चालू तरी ठेव. चालू ठेवला तर ऑफिस शोधत येईल, असं मी सांगायचो. ऑफिस रविवारी मला क्वचितच शोधायचं.

शनिवार मात्र मुलीचा होता. ती सात वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात तिला छोटी लाल सायकल आणली होती आणि आम्ही दोघं कालव्याच्या काठाने जायचो. जुना कालवा, आता त्यातून बोटी जात नाहीत, पाण्यावर बदकं आणि काठाला मातीचा सपाट रस्ता. पुढे ती, मागे मी. तिथे मी तिला मराठी शिकवायचो.

आता माझ्या या खोडीबद्दल सांगायला हवं. माझे वडील पुण्यात एका शाळेत मराठी शिकवायचे. घरी जेवतानासुद्धा त्यांचा कान आमच्या क्रियापदांवर असे. तो कान मला वारशाने मिळाला. इथल्या मराठी मंडळाचं गणपतीचं पत्रक आलं की मी त्यातले ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवायचो. त्यामुळे मला मित्र कमी होते. मुलीची मराठी म्हणजे तर माझ्या कानांना रोजची शिक्षा होती. ‘आई आला’, ‘सायकल तुटला’, ‘मी झोपला’. इंग्रजीत वस्तूंना लिंग नसतं, तिचा काही दोष नव्हता, आणि बायको मला हेच सांगायची. बोलते आहे ना, बोलू दे, म्हणायची. पण सगळ्यात जास्त खटकायचं ते ‘बाबा आला’, ‘आजोबा बोलला’. स्वतःच्या बापाला आणि आजोबांना अरेतुरे. ते माझ्यापेक्षाही वडिलांना जास्त खटकायचं.

आमचा फोन दर रविवारी दुपारी एक वाजता असायचा, म्हणजे पुण्यात साडेपाच. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, वडील फ्लॅटमध्ये एकटे राहायचे आणि पाच वाजल्यापासून फोनशेजारी खुर्ची टाकून बसायचे. हे मला त्यांच्या समोरच्या दारातल्या काकांनी सांगितलं होतं. फोनवर ठरलेले प्रश्न असत. हवा कशी आहे, परत कधी येणार, आणि अजून ती सायकल चालवतोस का. सायकलवर त्यांचा राग होता. मोठ्या रस्त्यावर ट्रक असतात, चाळिशीला आलेल्या माणसाने पोरकटपणा करू नये, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा खडीवरून घसरून कोपर फोडून घेतलं होतं आणि ते फुशारकीने त्यांना सांगून बसलो होतो. तेव्हापासून तर दर रविवारी तेच. मग ते नातीला फोन द्यायला सांगत आणि ती बोलली की परत मला म्हणत, पोरीला आदरार्थी बहुवचन शिकव रे, एवढं तरी शिकव.

म्हणून मी कालव्याच्या काठी शिकवायला लागलो. पायडलच्या एकेका फेरीला एक क्रियापद. बाबा आले. बाबा बसले. बाबा जेवले. बाबा गेले. आजोबा आले. आजोबा बसले. मागून मी ओरडायचो, पुढून ती ओरडायची. चुकली की ब्रेक, थांबायचं, पहिल्यापासून. बदकं बिचकून पाण्यात उतरायची. कधीकधी ती रडकुंडीला यायची आणि मी आवाज चढवायचो. समोरून येणाऱ्या एका बाईने मला एकदा विचारलं होतं, मुलगी बरी आहे ना? मी म्हणालो, आम्ही व्याकरण करतोय. ती बाई मुलीकडे बघून हसली आणि पुढे गेली.

एक गोष्ट मी तिला शिकवली नाही. बाजारात गेले, ऑफिसला गेले, फिरायला गेले हे सगळं चालतं, पण मोठ्या माणसाबद्दल नुसतं ‘गेले’ म्हणायचं नसतं. त्या नुसत्या ‘गेले’चा अर्थ एकच होतो. आपण बाहेर पडतानासुद्धा ‘येतो’ म्हणतो ते त्याच भीतीने. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून तिला शिकवायचं सुचलं नाही. घरात आजूबाजूला माणसं बोलत असली की मूल ते आपोआप उचलतं. तिच्या आजूबाजूला मराठी बोलणारी आम्ही दोनच माणसं होतो, आणि त्यातला एक रविवारी घरी नसायचा.

जुलैतला रविवार होता. त्या वर्षी इंग्लंडात ऊन खरोखरीचं पडलं होतं, लॉन वाळून तपकिरी झाली होती. मी नेहमीपेक्षा लांब गेलो होतो. एका गावाच्या चर्चच्या घड्याळात पावणेएक वाजलेले मी पाहिले. वेळेवर पोहोचायचं तर दीड तासापूर्वीच मागे फिरायला हवं होतं आणि ते मला तेव्हाही ठाऊक होतं. गावच्या मैदानाच्या कडेला लाल रंगाचा फोनचा डबा होता. माझ्या पाकिटात भारतात फोन करायचं कार्ड होतं. त्या डब्याला सायकल टेकवून मी उभासुद्धा राहिलो. मग डोळ्यांसमोर ते तीन प्रश्न आले. हवा कशी आहे. परत कधी येणार. सायकल. आणि एवढ्या सुंदर दुपारी मला त्यांना उत्तर द्यायचं जिवावर आलं. घरी पोहोचल्यावर करू, तासा-दोन तासांनी काय बिघडतंय, असं म्हणून मी हॉलमध्ये शिरलो आणि चहा घेतला. बरोबर लिंबाचा केक होता. इतकं सगळं विसरता आलं असतं तर तो केकही विसरलो असतो. तो अजून जिभेवर आहे.

साडेतीनला घरी आलो. बायको मागच्या अंगणात ओले केस सोडून बसली होती, सकाळी मेंदी लावली होती ती तिने दुपारी धुतली होती. माझ्यावर चिडलेली होती, कारण आजोबांचा फोन येऊन गेला होता. ती न्हाणीघरात होती, मुलीनेच उचलला होता. बाहेर आल्यावर हिने परत लावून पाहिला तर तिकडे कोणी उचलत नव्हतं. मी म्हटलं, खाली फिरायला गेले असतील, आता मी लावतो. हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं तेवढ्यात फोन वाजला.

मी उचलला आणि हॅलो म्हटलं. पलीकडे गोंगाट होता, कोणाला तरी नाव पुकारून बोलावत होते. एका ओळखीच्या आवाजाने विचारलं, “कोण बोलतंय?”

मी म्हटलं, “मी. काका, तुम्ही का?”

मला वाटलं लाइन तुटली. मी दोनदा हॅलो म्हटलं. मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “अरे, तू आहेस?”

वडिलांच्या समोरच्या दारातले तेच हे काका. त्यांनी फोन मला केला नव्हता, माझ्या बायकोचं सांत्वन करायला केला होता. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास वडील अनवाणी पायांनी त्यांच्या दारात आले होते. चष्मा हातात होता. म्हणाले होते, आमचा मुलगा गेला, सकाळी, सायकलवर, नातीने सांगितलं, सुनेला आंघोळ घातली आहे. एवढं नीट, सगळी वाक्यं पूर्ण करून ते बोलले, याचं काकांना नंतरही आश्चर्य वाटत राहिलं. मग उंबऱ्यावर बसले आणि बसल्या बसल्या उजवीकडे कलंडले. काका हॉस्पिटलमधून बोलत होते.

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला आणि पुढचं तिने ऐकलं.

मुलगी जिन्यावर बसली होती. बायकोने फोन ठेवला, तिच्यापाशी गेली, आवाज अगदी साधा ठेवून विचारलं, आजोबा काय काय म्हणाले गं? मुलीने सगळं सांगितलं. तिला सांगायला आवडत होतं, कारण एवढा वेळ ती एकटी आजोबांशी मराठीत कधी बोलली नव्हती. आजोबांनी विचारलं, बाबा कुठे आहेत. ती म्हणाली, बाबा गेले. आजोबांनी विचारलं, कधी. ती म्हणाली, सकाळी. कसे? सायकलवर. आई कुठे आहे? आई आंघोळ करते. मग आजोबा ‘बरं’ म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

इतकं सांगून तिने बायकोच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. “‘गेले’, बाबा. नॉट ‘गेला’.”

मी काय करायला हवं होतं ते मला आजही कळत नाही. मी म्हटलं, “शाब्बास.”

तिला काही कळू द्यायचं नाही, हे आम्ही दोघांनी त्याच संध्याकाळी ठरवलं. आजोबांना बरं नाही, बाबा त्यांना भेटायला पुण्याला चाललेत, बस्स. सात वर्षांच्या जिवावर हे ओझं पडता कामा नये. त्या एका गोष्टीसाठी मी पुढची सहा वर्षं वाटेल ते खोटं बोलायला तयार होतो, आणि बोललोही.

पुण्यात वडिलांची उजवी बाजू गेलेली होती आणि वाचाही. मी पलंगापाशी उभा राहून म्हटलं, मी आलोय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डाव्या हाताने त्यांनी आधी माझं मनगट धरलं, मग कोपर चाचपडलं, जिथे मला खडी लागली होती तिथे. डाव्या डोळ्यातून पाणी आलं. नर्स म्हणाली, अशा पेशंटना कोणालाही बघून पाणी येतं, मनाला लावून घेऊ नका. तिने ते धीर द्यायला सांगितलं होतं.

एक शब्द त्यांच्यापाशी उरला होता. पाचव्या दिवशी तो बाहेर आला. बरं. पाणी हवं का? बरं. खिडकी लावू का? बरं. ज्या माणसाने आयुष्यभर आमचं एकेक क्रियापद तपासलं, त्याच्या तोंडात शेवटी तेवढाच शब्द राहिला आणि तो कशालाही लागू होता. मी रोज सकाळी त्यांचं तोंड पुसताना समजावायचो. अण्णा, मी जिवंत आहे. मला काही झालं नव्हतं. पोरीला फक्त ‘बाहेर गेलेत’ म्हणायचं होतं. कळतंय ना? ते माझ्याकडे टक लावून बघत आणि म्हणत, बरं.

त्यांना कळलं होतं का? ते मला मुलगा म्हणून बघत होते, का मेलेला मुलगा दिसतोय म्हणून बघत होते? डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, सांगता येत नाही. रजा तीन आठवड्यांची होती. मी परत आलो, पुन्हा गेलो, पुन्हा परत आलो. प्रत्येक वेळी निघताना वाकून सांगायचो, अण्णा, येतो. प्रत्येक वेळी उत्तर तेच.

अकरा महिन्यांनी एका सकाळी मी ऑफिसला निघायच्या तयारीत असताना काकांचा फोन आला. या वेळी त्यांनी कोण बोलतंय असं विचारलं नाही. “सर गेले,” म्हणाले.

मी फोन ठेवून स्वयंपाकघरात गेलो. बायको मुलीचा डबा भरत होती, मुलगी टेबलाशी सीरियल खात होती. मी म्हटलं, अण्णा गेले. बायकोने हातातलं खाली ठेवलं आणि ती रडायला लागली. मीही रडलो. मुलीने चमचा तसाच धरून माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तिने काही विचारलं नाही. आजोबा कुठे गेले, असं कोणत्याही आठ वर्षांच्या मुलाने विचारलं असतं. ती उठली, उरलेलं दूध सिंकमध्ये ओतलं, वाटी विसळून ठेवली आणि वर निघून गेली.

मूल समजूतदार आहे, असं आम्हाला वाटलं. मोठी माणसं किती सोयीने विचार करतात.

त्यानंतर तिची मराठी कमी होत गेली. आम्ही मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. मग आम्ही मराठीत विचारलं तर ती खोलीतून उठून जायला लागली. इथल्या सगळ्यांच्या मुलांचं हेच होतं, असं मंडळातले लोक म्हणाले, शाळा वाढली की भाषा जाते. मी ते मान्य केलं. तिने लाल सायकल पुन्हा बाहेर काढली नाही, तर बायको म्हणाली, उंची वाढली, लहान पडते. तेही मान्य केलं. चिठ्ठ्या सुरू झाल्या तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मी तिला कालव्यावर येतेस का असं एकदाच विचारलं. ती म्हणाली, नो थँक यू. अगदी अनोळखी माणसाला म्हणावं तसं.

मीही सायकलवर बसलो नाही. प्रायश्चित्त वगैरे काही नाही, माझ्यात तेवढा चांगुलपणा नाही. पुण्याहून आल्यावर एका रविवारी बाहेर पडलो होतो. नदी ओलांडली, पहिलं फाटक आलं, शेत कापलेलं होतं. चंडोल वरती होतेच. आणि मला त्या सगळ्याची किळस आली. हिरव्या कुंपणांची, केकची, ‘मॉर्निंग’ची. जे माझ्याकडून काही मागत नव्हतं म्हणून मला इतकं आवडलं होतं, त्याला माझं काही देणंघेणं नव्हतंच. मी तिथूनच सायकल हातात धरून चालत घरी आलो. रस्त्यात दोघा सायकलवाल्यांनी थांबून विचारलं, पंक्चर झालंय का? मी हो म्हटलं.

या वर्षीच्या जूनमध्ये रस्त्यापलीकडच्या एका कुटुंबाने सायकल आहे का विचारलं, त्यांच्याकडे शिकायला आलेल्या भाच्याला हवी होती. मी लगेच हो म्हणालो. शनिवारी दुपारी शेड उघडलं, सायकल बाहेर गवतावर आणली, जाळी झटकली. चेन गंजून ताठ झाली होती. पंपाने हवा भरून बघत होतो, टायर धरेल असं वाटत नव्हतं. मुलगी मागच्या दारात येऊन उभी राहिली. चिठ्ठी हातात होती, म्हणजे ती कुठेतरी निघाली होती. मी खाली मान घालून पंप मारत राहिलो. सवयीने मराठीतच म्हणालो, देऊन टाकतोय ही.

ती गेली नाही. पायऱ्या उतरून गवतावर आली आणि सायकलच्या पलीकडे उभी राहिली. मग तिने विचारलं, इंग्रजीत, की आजोबांना ते माझ्यामुळे झालं ना?

सहा वर्षं ज्या प्रश्नासाठी आम्ही घरातला प्रत्येक शब्द जपून वापरला, तो तिच्यापाशी आधीपासूनच होता. त्या सकाळपासून, सीरियलच्या वाटीपासून. आमच्या दोघांच्या रडण्यावरून तिने ‘गेले’चा दुसरा अर्थ शिकून घेतला होता आणि मग मागे जाऊन जुलैतल्या त्या फोनला तो लावून पाहिला होता. एकटीने. आठव्या वर्षी. आणि आम्ही शेजारच्या खोलीत बसून मुलगी समजूतदार आहे म्हणत होतो.

मी पंप टाकला. म्हटलं, तुझी काहीच चूक नव्हती. ऐक माझं, तू अगदी बरोबर बोलली होतीस, माझी चूक होती, मी फोन केला नाही. मला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. तिने मान हलवली, म्हणजे नाही, तुला माहीत नाही. आणि मग ती मराठीत बोलली. पाच वर्षांनी. सात वर्षांची असताना जेवढी येत होती तेवढीच मराठी तिच्याजवळ होती, तिथेच थांबलेली.

“मी पहिला ‘बाबा गेला’ बोलला. आजोबा हसला, खूप हसला. मग मला आठवला तू रागवते. मग मी बोलला, ‘सॉरी, बाबा गेले.’ मग आजोबा हसला नाही.”

मी सायकलच्या अलीकडे उभा होतो आणि ती पलीकडे. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, लहानपणी कालव्यावर एकेक वाक्य म्हणून झालं की मागे वळून बघायची तशी, ब्रेक लागतो की काय म्हणून. माझा कान मेलेला नव्हता. ती बोलत असताना तो प्रत्येक शब्द तपासत होता, मी त्याला थांबवू शकलो नाही. तिच्या एवढ्या बोलण्यात एकच वाक्य व्याकरणाने बरोबर होतं.